लिहिलेले सापडले पाहिजे : इंटरनेटवरील मराठी लेखन आणि सर्च इंजिन

(विद्यार्थी व नवलेखकांसाठी प्राथमिक पाठ)

प्रास्ताविक

आपल्या जिल्ह्यात दरवर्षी अनेक संस्थांच्या स्मरणिका निघतात. गावात विहार कसे उभे राहिले, वाचनालयासाठी पहिली वर्गणी कोणी दिली, कोणत्या वर्षी कोणती शिष्यवृत्ती सुरू झाली, अशी माहिती त्यांत असते. ती दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात मिळत नाही. परंतु वर्ष उलटले की स्मरणिका कपाटात जाते आणि तिच्याबरोबर ती माहितीही जाते. पुढच्या पिढीतील मुलगा आपल्याच गावाविषयी मोबाईलवर शोधतो, तेव्हा त्याला एक तर काहीच सापडत नाही किंवा त्याच नावाच्या दुसऱ्या जिल्ह्यातील गावाची माहिती मिळते.

यावर उपाय म्हणून आज अनेक तरुण स्वतःचा ब्लॉग सुरू करतात. ब्लॉग उघडण्यास पैसा लागत नाही. ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये ती गूगलने घेतली. ‘वर्डप्रेस’ही २००३ चेच. लिहिण्याची सोय झाली, पण लिहिलेले गरजूपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न राहतोच. लेख शोधणाऱ्याला सापडावा म्हणून त्याची जी मांडणी करावी लागते, तिला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात ‘एसईओ’, असे म्हणतात. नाव भारदस्त असले तरी त्यातील मूळ गोष्टी साध्या आहेत. त्या क्रमाने पाहू.

१. शोधयंत्र काम कसे करते?

सर्च इंजिन म्हणजे शोधयंत्र. १९९४ मध्ये ‘याहू’ सुरू झाले, तेव्हा ती माणसांनी हाताने तयार केलेली संकेतस्थळांची यादी होती. १९९५ मध्ये ‘अल्टाव्हिस्टा’ आले. १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधक विद्यार्थ्यांनी ‘गूगल’ कंपनी स्थापन केली. कोणत्याही शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते.

(अ) फिरणे : शोधयंत्राची स्वयंचलित प्रणाली एका पानावरील लिंकवरून दुसऱ्या पानावर जाते व मजकूर गोळा करते. ज्या पानाकडे कुठूनच वाट जात नाही, ते पान तिला सहसा दिसत नाही.

(ब) सूची करणे : पुस्तकाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशी अवाढव्य सूची तयार होते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, हे तीत नोंदलेले असते. आपण शोधतो तेव्हा यंत्र सारे जग धुंडाळत नाही, ते ही सूची पाहते.

(क) क्रम लावणे : एका शब्दाची हजारो पाने असतात. त्यांतील कोणते वर व कोणते खाली, हे अनेक कसोट्यांवर ठरते. विद्वानांच्या ग्रंथांत ज्या ग्रंथाचा वारंवार उल्लेख येतो तो महत्त्वाचा मानला जातो. त्याच धर्तीवर ज्या पानाकडे इतर चांगली पाने लिंक देतात, ते पान वजनदार मानायचे, ही गूगलची आरंभीची मोठी कल्पना होती. लॅरी पेज यांच्या नावावरून तिला ‘पेजरँक’ म्हणतात.

आता आपल्या लेखाकडे वळू. तो यंत्राला वाचता आला पाहिजे, त्यात शोधणाऱ्याचे शब्द असले पाहिजेत आणि तो वाचणाऱ्याच्या उपयोगी पडला पाहिजे. पुढील सर्व सूचना या तीन गोष्टींतूनच निघतात.

२. पहिली अट : मजकूर युनिकोडमध्येच हवा

मराठी लेखकाने सर्वांत आधी ही अट पाळली पाहिजे, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण येतच नाही. आपल्याकडील बहुतेक छपाईचा मजकूर वर्षानुवर्षे कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटमध्ये टाईप होत आला. कृतीदेवसारख्या फाँटमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. उदाहरणार्थ, कृतीदेवमध्ये ‘वर्धा’ हा शब्द आतमध्ये ‘ओ, तिरपी रेघ, के, के, झेड’ असा असतो. शोधयंत्राने ते पान वाचले तरी त्याला ‘वर्धा’ हा शब्द तेथे दिसत नाही. मग वर्ध्याविषयी विचारणाऱ्याला ते पान कसे दाखवणार?

युनिकोड या पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तीत जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो व देवनागरीसाठी १२८ जागांचा विभाग राखलेला आहे. मोबाईलवर आपण मराठी लिहितो, ते युनिकोडमध्येच असते. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक वापरता येतो. जुना मजकूर रूपांतर करणाऱ्या साधनांनी बदलून घेता येतो. मात्र बदलल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालणे आवश्यक आहे.

हीच गोष्ट स्कॅन केलेल्या स्मरणिकेची. पानाचा फोटो हा चित्र असतो, मजकूर नव्हे. अलीकडे यंत्रे चित्रातील अक्षरेही ओळखतात, पण फिकट छपाई आणि जोडाक्षरे यांपुढे त्यांचा भरवसा धरता येत नाही. म्हणून स्मरणिका चढवताना महत्त्वाचे लेख तरी पुन्हा टाईप करून घ्यावेत.

यासाठी दूर जाण्याची गरज नाही. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्य युनिकोड देवनागरीत उपलब्ध करून दिले आहे. कथा किंवा लेखकाचे नाव शोधले तर ती पाने सापडतात. हिंदी ब्लॉगलेखनावर देशभरातील लेखकांना बोलावून २०१० आणि २०१३ मध्ये याच विश्वविद्यालयात चर्चाही झाल्या. जे हिंदीसाठी वर्ध्यात होऊ शकले, ते आपल्या गावांच्या मराठी नोंदींसाठी का होऊ नये?

३. ‘बुद्ध’ की ‘बुध्द’?

आपल्या फलकांवर, पत्रिकांवर आणि कित्येक सरकारी कागदांवरही ‘बुध्द’, ‘बौध्द’, ‘प्रसिध्द’ असे छापलेले असते. शुद्ध रूप ‘बुद्ध’, ‘बौद्ध’, ‘प्रसिद्ध’ असे आहे. उच्चारात आधी द येतो, नंतर ध. घाईने वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. यंत्राला मात्र एकात ‘द, हलन्त, ध’ आणि दुसऱ्यात ‘ध, हलन्त, द’ असा वेगवेगळा क्रम दिसतो. यंत्रापुढे हे दोन निराळे शब्द ठरतात.

शोधयंत्रे आता अशा चुका बरेचदा सांभाळून घेतात, परंतु सर्व वेळी घेतील असे नाही. ब्लॉगच्या आत शोधण्याची जी छोटी चौकट असते, ती तर हमखास अडते. म्हणून लेखात सर्वत्र शुद्ध रूपच वापरावे. शीर्षकात एक आणि मजकुरात दुसरे, असे करू नये.

बोलीचाही असाच विचार करावा. आपल्याकडे ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात आणि हिंगणघाट काही जण ‘हिंगनघाट’ असे लिहून शोधतात. आपण प्रमाण रूप लिहावे. पण एखाद्या वस्तूचे स्थानिक नाव वेगळे असेल तर तेही मजकुरात एकदा सहजपणे यावे. वऱ्हाडी शब्दाने शोधणारा माणूसही आपलाच वाचक आहे.

४. गावाचे पूर्ण नाव लिहा

वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके आहेत : वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. यांपैकी सेलू नावाचा तालुका परभणी जिल्ह्यातही आहे, आष्टी बीड जिल्ह्यात आहे आणि कारंजा वाशिम जिल्ह्यात. स्थानिक माणूस ‘कारंजा (घाडगे)’ आणि ‘कारंजा (लाड)’ असा फरक करतो. यंत्राला तो आपण लिहिला तरच कळतो. खुद्द ‘वर्धा’ हे शहराचे, जिल्ह्याचे आणि नदीचेही नाव आहे. १९३७ मधील नयी तालीमची शिक्षणयोजनाही ‘वर्धा योजना’ म्हणून ओळखली जाते.

तेव्हा ‘आमच्या सेलूतील वाचनालय’ एवढेच लिहिणारा लेखक परभणीच्या गर्दीत हरवतो. ‘सेलू, जि. वर्धा’ असे शीर्षकात व पहिल्या परिच्छेदात लिहिले की निम्मे काम होते. वर्ध्याच्या गोपुरी भागात गीताई मंदिराजवळ विश्वशांती स्तूप आहे. परंतु विश्वशांती स्तूप बिहारमधील राजगीरला आहे, ओडिशातील धौलीला आहे, दिल्लीतही आहे. नुसते ‘विश्वशांती स्तूप’ लिहिल्यास वाचक कोठेही जाऊन पोहोचेल. ‘विश्वशांती स्तूप, गोपुरी, वर्धा’ असे लिहिल्यास तो नेमका येईल.

५. शोधणाऱ्याचे शब्द

लेखकाचे शब्द आणि शोधणाऱ्याचे शब्द पुष्कळदा वेगळे असतात. आपण लिहितो, ‘शैक्षणिक उन्नतीच्या शासकीय योजना : एक दृष्टिक्षेप’. मुलगी शोधते, ‘स्वाधार योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतात’. दोघांची भेट होत नाही.

शोधणाऱ्याचे शब्द ओळखण्यासाठी विकतचे साधन लागत नाही. शोधाच्या चौकटीत पहिले दोन शब्द टाका. खाली जी वाक्ये आपोआप सुचवली जातात, ती लोकांनी विचारलेली असतात. निकालांच्या पानावर इतर संबंधित प्रश्नही दिसतात. ते वहीत उतरवा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे वाचनालयात येणाऱ्या मुलांना, ‘तुम्ही हे कसे शोधले असते?’ असे विचारणे. बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून शोधतात, म्हणून योजनेचे वा गावाचे नाव लेखात एकदा त्या लिपीतही यावे.

६. शीर्षक, पत्ता आणि सारांश

शीर्षक : ‘मनोगत’, ‘थोडेसे आपल्याशी’, ‘एक आठवण’ ही शीर्षके छापील अंकात शोभतात, कारण तेथे अंक आधीच हातात असतो. शोधाच्या निकालात मात्र प्रथम शीर्षकच दिसते. ‘आमचे गाव’ ऐवजी ‘आष्टी (शहीद), जि. वर्धा : १६ ऑगस्ट १९४२ चा लढा’ असे लिहिले, तर विषय, ठिकाण आणि काळ एका ओळीत येतात. मुख्य शब्द आरंभी असावेत, कारण लांब शीर्षकाचा शेवट मोबाईलवर कापला जातो.

पानाचा पत्ता : ब्लॉगरवर शीर्षक केवळ देवनागरीत असेल तर पानाचा पत्ता आपोआप ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा, असा निरर्थक तयार होतो. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्ता स्वतः लिहिण्याची सोय तेथे आहे. लहान इंग्रजी अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन, तीन-चार शब्दांचा पत्ता द्यावा. नंतर पत्ता बदलल्यास आधी दिलेल्या लिंक तुटतात, म्हणून हे आधीच करावे.

सारांश : निकालात शीर्षकाखाली दोन ओळी दिसतात. त्या आपण लिहून देऊ शकतो. गूगल त्या घेईलच असे नाही, पण बहुधा उपयोग होतो. ब्लॉगरवर ही सोय सेटिंगमधून चालू करावी लागते. पानात दडवलेल्या ‘कीवर्ड’च्या यादीकडे मात्र गूगल क्रम लावताना पाहत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केले आहे.

उपशीर्षके व चित्रे : लांब लेख उपशीर्षकांत विभागावा आणि त्यासाठी ‘हेडिंग’ची सोयच वापरावी, अक्षरे नुसती जाड केल्याने यंत्राला रचना कळत नाही. प्रत्येक चित्राला वर्णन द्यावे. ते यंत्राच्या उपयोगी पडते आणि दृष्टिहीन वाचकाला वाचून दाखवले जाते. चित्रे आकाराने हलकी करावीत. गूगल आता मोबाईलवर दिसणारे पानच प्रमाण मानते आणि आपल्या खेड्यांत नेटवर्क किती मिळते, हे आपण जाणतोच.

७. एक उदाहरण

‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ २०१६-१७ पासून राबवली जाते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांना निवास, भोजन व शैक्षणिक साहित्यासाठी त्यांच्या बँक खात्यात रक्कम देण्याची ही सोय आहे. ‘स्वाधार गृह’ नावाची केंद्र शासनाची एक वेगळी योजनाही होती. ती संकटग्रस्त महिलांच्या निवाऱ्यासाठी होती. दोन्हींची माहिती एकमेकींत मिसळू शकते.

समजा, यावर तुम्ही लेख लिहिणार आहात. शीर्षकात योजनेचे नाव, ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द आणि शैक्षणिक वर्ष द्या. पहिल्या परिच्छेदात ही योजना कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, ते सांगा. मग पात्रता, कागदपत्रे, अर्जाची पद्धत आणि संबंधित कार्यालय अशी उपशीर्षके करा. शासन निर्णयाची तारीख लिहा व शासनाच्या मूळ पानाची लिंक द्या. शेवटी ‘ही माहिती अमुक तारखेला तपासली’ असे नोंदवा आणि दरवर्षी ती खरोखरच तपासा. नियम बदलतात. जुने पान वर राहिले, तर ते वाचून एखादा विद्यार्थी मुदत चुकवू शकतो. पान वरच्या क्रमांकावर असेल, तर चुकीची माहिती अधिक लोकांपर्यंत जाते, ही जबाबदारी विसरू नये.

८. लिंक आणि नोंदणी

नवा ब्लॉग म्हणजे रस्ता नसलेले घर. त्याच्याकडे वाटा कराव्या लागतात. प्रथम आपल्याच लेखांना एकमेकांशी जोडावे. ‘येथे पहा’ असे न लिहिता ‘सेलू तालुक्यातील वाचनालये’ अशा अर्थपूर्ण शब्दांवर लिंक द्यावी. नंतर संस्था, महाविद्यालय, परिसरातील इतर लेखक यांना लेख दाखवावा; उपयोगी वाटला तर ते लिंक देतील. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तेथे केवळ आपल्या ब्लॉगची लिंक चिकटवणे अनुचित आहे आणि क्रमासाठीही त्याचा फायदा होत नाही. त्यापेक्षा आपल्या तालुक्याच्या लेखात आधारासह भर घालावी.

‘गूगल सर्च कन्सोल’ ही विनामूल्य सेवा आहे. तीत ब्लॉगची नोंद केली की कोणती पाने सूचीत आली, कोणत्या शब्दांनी लोक आले आणि कोठे अडचण आहे, हे दिसते. नवे पान पाहण्याची विनंतीही तेथून करता येते. त्याआधी ब्लॉगच्या सेटिंगमध्ये ‘शोधयंत्रांना दिसू द्यावे’ ही परवानगी चालू आहे ना, ते बघावे. पान सूचीत यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. लेख टाकल्यावर तासाभराने निराश होण्याचे कारण नाही.

९. काय करू नये?

एकच शब्द पुनःपुन्हा कोंबू नये. लिंक विकत घेऊ नयेत. दुसऱ्याचा लेख उतरवून आपल्या नावाने टाकू नये. एकसारख्या पानांपैकी यंत्र बहुधा एकच दाखवते, आणि ते उतरवणाऱ्याचेच असेल असे नाही. ‘पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते.

आणखी एक दक्षता संस्थांनी घ्यावी. स्मरणिकेत सभासदांचे पत्ते व फोन क्रमांक छापलेले असतात. छापील प्रत काही घरांपुरती असते; शोधयंत्रात गेलेला क्रमांक साऱ्या जगासमोर येतो. म्हणून अशी पाने, तसेच विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे व गुणपत्रके, इंटरनेटवर चढवू नयेत.

२०२४ पासून भारतात गूगलच्या काही निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला आहे. तो सारांश इंटरनेटवर असलेल्या लेखनाचाच आधार घेतो. आपल्या गावाविषयी आपण लिहिलेलेच नसेल, तर तेथेही इतरांचे शब्द येतील.

समारोप

शोधयंत्राला फसवण्याच्या युक्त्या दर काही वर्षांनी निकामी होतात. २०११ व २०१२ मध्ये गूगलने आपल्या पद्धतीत मोठे बदल केले, तेव्हा पोकळ मजकुरावर आणि विकत घेतलेल्या लिंकवर उभी असलेली पाने खाली गेली. ज्यांनी स्वतः पाहून, विचारून, तपासून लिहिले, त्यांना युक्त्यांची गरज पडली नाही. आपल्याकडे असे लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. विहारासाठी ज्यांनी विटा वाहिल्या, रात्रीची शाळा ज्यांनी चालवली, ती माणसे आज थकली आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने आताच लिहून घेतले पाहिजे. ते युनिकोडमध्ये लिहा, गावाचे पूर्ण नाव द्या, शीर्षक स्पष्ट ठेवा. उद्या कोणी शोधील, तेव्हा त्याला ते मिळेल.

स्वाध्याय

१. आपल्या गावाचे नाव शोधून पहिले दहा निकाल वहीत उतरवा. त्यांतील किती आपल्याच गावाचे आहेत?
२. ‘बुद्ध विहार’ व ‘बुध्द विहार’ असे दोन वेळा, पुढे आपल्या तालुक्याचे नाव जोडून शोधा. निकालांतील फरक नोंदवा.
३. जुन्या स्मरणिकेतील एक लेख निवडा. संपादक व लेखक यांची परवानगी घेऊन तो युनिकोडमध्ये टाईप करा आणि त्याला विषय, ठिकाण व काळ सांगणारे नवे शीर्षक द्या.
४. शाळेतील किंवा वाचनालयातील पाच विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीविषयी ते नेमके कोणते शब्द वापरून शोधतात ते विचारा. त्या शब्दांवरून एका लेखाची उपशीर्षके तयार करा.